रंगाच्या बंदुकीचा पंचनामा

“हे पाहा पाटील, अजून एक!”

शेषरावनं आपल्या बागेतल्या संत्र्याच्या खोडावरचा निळा डाग दाखवला. सकाळपासूनचा हा अकरावा. दर डागागणिक त्याचा चेहरा खुलत चालला होता.

पोलीस पाटील महादेवराव पोलीस ठाण्याची नोटीस हातात धरून उभे होते. परतवाड्यात पोरांनी रंगाच्या गोळ्या मारून मोटारसायकलवाले पाडले, तेव्हापासून या बंदुकांना नियम लागले होते. रस्त्यावर, चौकात, शाळेजवळ चालवायची नाही. चालवली तर जप्त. स्वतःच्या शेतात वानरं हाकलायला मुभा.

गावात अशी बंदूक एकच, शेजारच्या देवमनची. जावयानं पुण्याहून आणून दिलेली. ती आल्यापासून देवमनच्या बागेत वानर फिरकत नव्हतं. आपल्याला असा जावई नाही, अशी बंदूक नाही, हे दोन महिने शेषरावच्या पोटात सलत होतं. संत्र्याला यंदाही भाव नव्हता, पण त्यानं जळफळाट काही कमी झाला नव्हता.

“यानं मधल्या पांदण रस्त्यावरून गोया मारल्या. वांदरं माह्या बागेत हाकलले. सार्वजनिक रस्ता हाय तो. जप्त करा बंदूक!”

देवमन बंदूक घेऊन बाजूला उभा होता.

महादेवरावांनी एका झाडाभोवती फेरी मारली. मग दुसऱ्या.

“शेषराव, रस्ता तिकडं हाय. डाग तं साऱ्या झाडायले इकडून हायेत, तुह्या विहिरीच्या बाजूनं. मारणारा बागेच्या आत उभा होता. काहून रे देवमन?”

देवमन कसानुसा झाला. “शेषरावभाऊ वहिनीले घेऊन पाच दिवस अमरावतीच्या दवाखान्यात होते. मांगून वांदरं उतरले. मंग म्या इथं उभा राहून बाहेर हाकलले.”

शेषरावनं वर पाहिलं. फळं जिथल्या तिथं होती. सकाळपासून तो नुसती खोडंच बघत होता.

महादेवरावांनी नोटीस शेवटपर्यंत वाचली. “दुसऱ्याच्या शेतात चालवाची तं मालकाची परवानगी पाह्यजे. नसली तं जप्तच. शेषराव, देली होती का परवानगी?”

फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. ते शेषरावच्या जिभेवर आलंही. पण बंदूक देवमनची, जावई देवमनचा, आणि आता चांगुलपणाही त्याचाच!

“देली होती,” तो फणकारला. मग देवमनपुढं हात केला. “आण ती बंदूक इकडं. आता पाच दिवस तुही बाग मी राखतो.”