ओलं हॉलंड

मोहनबाबूंनी चित्रावर बोट टेकवलं आणि बोट निळं झालं. नरहररावांचा चेहरा खर्रकन उतरला.

"ये तो गीली है, पंडितजी!" चित्रकलेचे मास्तर मोहनबाबू म्हणाले. "गीली पेंटिंग कैसे टाँगें? शाम को तो प्रदर्शनी है!"

गणपतीत रंगवून झालेलं चित्र दिवाळी उलटली तरी ओलं! आणि चित्र तरी कुठलं? हॉलंडमधल्या कुणा जुन्या उस्तादानं काढलेलं शहर. नदी, नावा, चर्चचं टोक. शिकायचं तर आधी उस्तादाची नक्कल करा, असं मोहनबाबूंनी सांगितलं होतं. नरहररावांनी पुस्तकातून रेघ न् रेघ उतरवली. खिडकीखाली काशीच्या पंचगंगा घाटावर नदीही होती आणि नावाही होत्या, पण त्यांचा उजेड फार डोळ्यांवर येतो म्हणून खिडकी बंद करून उतरवली.

सुकावं म्हणून बिचाऱ्यानं काय नाही केलं! पंख्यासमोर ठेवलं, गच्चीवर उन्हात धरलं. चित्र काही ढिम्म सुकेना. उलट डास चिकटले. हॉलंडच्या ढगांत आता काशीचे डास सुखानं नांदत होते. तरीही यांनी गल्लीतल्या एकूण एक मराठी घराला आमंत्रण देऊन ठेवलेलं. "मूळ कुठलं नि माझं कुठलं, ओळखून दाखवा!" संध्याकाळी त्या सगळ्यांना भिंतीवर नुसता खिळा दिसला असता, म्हणजे झालीच शोभा.

कारण नरहरराव म्हणजे साधी असामी नव्हे. काशीचा कोतवाल कालभैरव आणि काशीतल्या मराठीचे कोतवाल नरहरराव! चार पिढ्या इथं गेल्या, पण घरात हिंदी शब्द शिरला की यांचा दंडुका उठलाच. नात ऋता 'चम्मच' म्हणाली, तर 'चमचा' म्हणेपर्यंत पोरीला खीर मिळत नसे. बायको कालिंदी भाजीवालीशी बनारसीत कडाकडा भांडायची आणि उंबरठ्यावर जणू जीभ धुऊन आत यायची.

मोहनबाबूंनी बोट पुसलं. "रंग में तेल कौन-सा मिलाया?"

"एकदम शुद्ध! तिल का, घानी का!"

"तिल का?" मोहनबाबूंनी कपाळावर हात मारला. "अरे, मैंने तीसी बोला था, तीसी! तिल का तेल कहीं सूखता है?"

नरहरराव गर्रकन वळले. दारात कालिंदी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तेल तिनंच आणलं होतं, म्हणजे गुन्हेगार आयताच सापडला.

"अगं, तीसी वेगळी आणि तीळ वेगळा, एवढंही कळत नाही तुला? नाक कापलंस माझं!"

"कळत होतं की." कालिंदीनं ट्रे शांतपणे खाली ठेवला. "मी तीसीच आणायला निघाले होते. तुम्हीच दारात अडवलंत. 'तीसी काय म्हणतेस? मराठीत तीळ म्हण!' मी बोलायला गेले, तर म्हणालात, मला मराठी शिकवू नकोस."

नरहरराव चित्रावरचे डास वेचू लागले.

"आता शिकवू का?" ती म्हणाली. "तीसीला मराठीत जवस म्हणतात."