बारा आत, तेरा बाहेर

सोसायटीच्या हिरवळीवर यंत्र फिरवण्याऐवजी मेंढ्या चारायचं ठरलं. वॉचमनने पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये रीतसर लिहिलं : मेंढ्या बारा, कामाचं स्वरूप खाणे. संध्याकाळी मोजून बाहेर सोडताना तेरावं निघालं, ओलं कोकरू.

"याची आत आल्याची नोंद नाही. हे इथंच राहील," वॉचमन म्हणाला.

"अहो मामा, मघाशी तुमच्या बाकाखालीच जन्मलंय," मेंढपाळ म्हणाला. "आईवाचून जगेल का ते?"

सेक्रेटरी नियमावली घेऊन खाली आले. बराच वेळ पानं चाळून म्हणाले, "इथंच जन्मलं ना? मग पाहुणा नाही, रहिवासी. रहिवाशाला नोंद लागत नाही. सोडा."

कोकरू काखेत घेऊन मेंढपाळ रजिस्टरमध्ये सही करायला वाकला, आणि थांबला.

"साहेब, सहज विचारतो. मीपण इथंच जन्मलो, तेव्हा हे सगळं कुरण होतं. मग माझी सही कशाला?"