खुरपणी

लेकीकडे वाशीला येऊन काशीबाईला चारच दिवस झाले होते, पण जीव रमत नव्हता. विमल सातलाच ऑफिसला जायची. नळाला पाणी, गॅसवर स्वयंपाक, करायला काहीच नाही. काशीबाई दारात बसे, उठे, पुन्हा बसे. लातूरकडे चाळीस वर्षं लोकांच्या रानात खुरपलेले हात गप्प राहीनात.

त्या दुपारी दारापुढच्या चटईएवढ्या मातीवर तिची नजर ठरली. तण माजलं होतं. तिनं बोचक्यातलं खुरपं काढलं, पदर खोचला आणि उकिडवी बसली. तासाभरात जागा लख्ख. चार दिवसांत पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

संध्याकाळी विमल फाटकातच थबकली.

"माय, इथली रोपं?"

"कसली रोपं? तण काढलं समदं."

"घंटाफुलं होती ती. निळी." विमल मोकळ्या मातीशी वाकली. "मशेरीसारखं बारीक बी. दोन महिने जपली. रोज सकाळी पाणी घालायचे, बघितलं नाहीस?"

"मला वाटलं, धूळ बसावी म्हणून मारतीस." काशीबाई फणकारली. "आन् एवढीशी सोताची माती, तिच्यात फुलं? मेथी तरी लावायची. कधी आली असती ती फुलं?"

"पुढच्या वर्षी. मग दरवर्षी."

काशीबाई कोपऱ्यातल्या उपटलेल्या ढिगाशी जाऊन बसली.

"लोकाच्या रानात एक रोप चुकून उपटलं न्हाई गं मी," ती म्हणाली. "दाव मला. पान कसं असतं त्याचं?"

विमलनं ढिगातून एक रोप उचललं. बदामाच्या आकाराचं पान, कडेला बारीक दाते. काशीबाईनं ते बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपलं. अंधार पडेस्तोवर दोघी ढीग निवडत राहिल्या. मुळं शाबूत असलेली तीनच निघाली. काशीबाईनं ती लावली आणि ओंजळीनं पाणी सोडलं.

उजाडताच ती दारात आली. दोन रोपांनी माना टाकल्या होत्या. एक उभं होतं.

शेजारच्या दुर्गाबाई दूध घेऊन येत होत्या. कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "छान साफ केलंत हो. तेवढं एक गवत राहिलं बघा." आणि वाकून त्यांनी हात पुढे केला.

काशीबाई झटकन मध्ये झाली.

"गवत न्हाई ते," ती म्हणाली. "रोप हाय आमचं."