टपालरस्त्यावर न झालेलं भांडण

घटस्फोट सकाळी मंजूर झाला. दुपारी गाडी निघाली तेव्हा तो झालेलाच नव्हता.

तसं दोघांनी न्यायालयाच्या पायऱ्यांवरच ठरवलं होतं. आईला जुना टपालरस्ता दाखवायचं कधीचं कबूल केलेलं, मुक्कामाच्या खोल्या राखून ठेवलेल्या, आणि निकालाची तारीख न्यायालयानं सहलीचा विचार न करताच दिलेली. सहल होऊ दे, मग सांगू. तोवर तो नवरा, ती बायको, आणि मागच्या सीटवर मधोमध बसलेली त्याची आई ही तिची सासू.

रस्ता डोंगराच्या कडेकडेनं जात होता. एके काळी इथून घोड्यांवरून पत्रं जायची. आता माणसं जातात, आणि पत्रांपेक्षा हळू. ठिकठिकाणी दगडी कमान, कमानीशेजारी घोड्यांना पाणी पाजायचा हौद, आणि खाली दरी. सासूला प्रत्येक हौद बघायचा होता. प्रत्येक वेळी सून उतरायची, मागचं दार उघडायची आणि सासूचा आधी उजवा पाय बाहेर घ्यायची. डावा गुडघा रुसका होता. कुठला गुडघा रुसका, हे मुलाला अजून नक्की माहीत नव्हतं.

"काच खाली करू?" त्यानं बायकोला विचारलं.

"तुला चालत असेल तर कर."

"मला काहीही चालेल."

"थँक्यू."

"थँक्यू?" मागून आवाज आला. "काय रे, आज भांडला नाहीत तुम्ही?"

एवढं एकच ठरवायचं राहून गेलं होतं. काच, रस्ता, गाणी आणि त्याच्या मामेभावाचा स्वभाव, यांपैकी कशावरूनही वाजलं नाही असा प्रवास या गाडीनं आजवर केलेला नव्हता.

"भांडतो की," मुलगा म्हणाला. त्यानं घसा साफ केला. "मघाशी डावीकडे वळायला हवं होतं. तू नीट सांगितलं नाहीस."

"माझं चुकलं असेल."

"नाही, तसं माझंही लक्ष नव्हतं."

"डावीकडे दरी होती," सासू म्हणाली. "गाडी थांबव."

सासू कुटुंब न्यायालयात टायपिस्ट होती. निवृत्त होईपर्यंत तिनं अर्धं गाव एकमेकांपासून वेगळं केलं होतं, तेही खाडाखोड न करता.

ती हौदाच्या काठावर बसली. सून शेजारी बसली. मुलगा किल्ल्या हातात घेऊन उभा राहिला.

"सही होईपर्यंत माणसं एकमेकांचा गळा धरतात," सासू म्हणाली. "सही झाली की एकमेकांना दार उघडून देतात. रोज बघायचे मी." मग तिनं सुनेला विचारलं, "कधी झालं गं?"

"आज सकाळी."

"आई, आम्ही सांगणारच होतो, सहल संपली की..."

"तू गप्प बस. तुझं मला काही नाही. तू कुठे जाणार आहेस? जन्मभर माझ्याच डोक्यावर बसणार."

मुलगा गप्प बसला, म्हणजे उभ्याउभ्याच.

"मी येत जाईन ना, आई," सून म्हणाली.

"येत जाईन." सासूनं मान हलवली. "सगळ्याच जणी म्हणायच्या. बाहेरच्या बाकावर सासूचा हात धरून म्हणायच्या. नंतर त्या सासवा मला बाजारात भेटायच्या. एकट्या."

सुनेनं तिला उठवायला कोपराखाली हात घातला. पण उठवलं नाही. हात तसाच राहिला. पलीकडून एक गाडी आली, फोटो काढून गेली. दोघींकडे बघून त्यातली बाई म्हणाली, "मायलेकी किती सारख्या दिसतात!" कोणी तिची चूक दुरुस्त केली नाही.

मग सासूनं शाल सारखी केली आणि ताठ बसली. समोर न्यायाधीश नव्हते, म्हणून तिनं दरीकडे बघूनच सुरुवात केली.

"सबब, माननीय न्यायालयास नम्र विनंती, की मुलास त्याच्या इच्छेप्रमाणे मोकळे करण्यात यावे, आणि सुनेचा ताबा अर्जदार सासूकडे कायम ठेवण्यात यावा."