एक जागा, दोन चिठ्ठ्या

अर्जुनीच्या ट्रस्टच्या वसतिगृहात मुलींसाठी एकच जागा उरली होती आणि अर्ज आले होते दोन. जिला जास्त गरज आहे असं वाटेल तिला विश्वस्तांनी आपल्या मतानं जागा द्यावी, असं ट्रस्टच्या घटनेत लिहिलेलं. ‘आपल्या मतानं’ या दोन शब्दांनी विश्वस्त सुखरामजींची आठ दिवस झोप उडवली होती. कुणालाही निवडलं तरी दुसरं घर जन्मभर तोंड फिरवणार. शेवटी त्यांनी देवीपुढं दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि पुजाऱ्याला एक उचलायला लावली.

चंदाचं नाव निघालं नाही. तिची आई देवकाबाई रडली नाही, भांडलीही नाही. देवीला हात जोडून म्हणाली, “मातेची मर्जी.”

सुखरामजींच्या जिवात जीव आला. त्यांनी चंदाच्या अर्जाचा लिफाफा देवकाबाईला परत दिला.

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. गुरुजींकडून चार पानं लिहून घेऊन तिनं भाताच्या शितांनी चिकटवलेलं तोंड अजून तसंच बंद होतं.

“येवढंच सांगा जी,” ती म्हणाली, “देवीलेबी असाच बंद देल्ला का?”