वरच्या रेषेवरची खरेदी

“गेल्या महिन्यात चुकलंच माझं,” तव्यावर भोपळ्याचे काप पसरत धाकटी जाऊ सोदाम म्हणाली. “भाव वरच्या रेषेच्याही बाहेर गेलेला, आणि मी नेमकं तेव्हाच सोनं घेतलं. लगेच आपटला!”

युनओकच्या जिवाला कसं गार वाटलं. चुसोकच्या सणाला सगळे सोलला सासूबाईंकडे जमले होते. दोघी जावा सकाळपासून फरशीवर बसून तळण काढत होत्या, आणि एवढ्या वेळात कानाला गोड लागलेलं हे पहिलंच वाक्य.

सोदामचा फोन किमचीच्या बरणीला टेकवलेला. त्यावर सोन्याचा भाव दोन रेषांमधून वळवळत चाललेला. बाजार खवळला की रेषा फाकायच्या, निवला की जवळ यायच्या. भाव खालच्या रेषेला टेकला की घ्यायचं, वरच्या रेषेला टेकला की विकायचं. एवढंसं तर होतं! पण त्या एवढ्याशावर धाकटीने नवी गाडी घेतली. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटल्या, “आमची धाकटी म्हणजे डोकं आहे हो डोकं!” मग थोरली काय, नुसती तळणापुरती? युनओकचा जळफळाट व्हायचा. त्याच रेषा तिनेही लावल्या. भांडवल हवं म्हणून नवऱ्याच्या नकळत घरातला एकुलता एक सोन्याचा दागिना विकला, आणि पुढच्या सौद्यांत सगळं घालवून बसली. पण विकला तो अगदी वरच्या रेषेवर, हं! धाकटी वर घेते, आपण वर विकतो. काप उलटता उलटता तिने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

“काय गं थोरले,” सासूबाई आत आल्या. “तुझा हानग्योल लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन स्टेशनवरून निघालाय. ती अंगठी आणली असशीलच, काढ बरं. पहिल्या वाढदिवसाला मी त्याच्या बोटात घातलेली. होणाऱ्या नातसुनेला दाखवते.”

युनओकचं उलथनं हवेतच राहिलं. विकलेला दागिना तोच. पोटच्या पोराची अंगठी विकली हे आजच, त्या नव्या मुलीसमोर उघडं पडणार. आणि धाकटी बसून मजा बघणार.

“अगं, ऐकू येतंय ना?”

“आई, ती माझ्याकडे आहे,” सोदाम म्हणाली. एप्रनला हात पुसून तिने पर्समधून लाल बटवा काढला. “जाऊबाईंनी उजळून आणायला दिली होती. परत द्यायचंच राहिलं बघा.”

सासूबाईंनी अंगठी खिडकीशी धरली. आतल्या बाजूला हानग्योलचं नाव कोरलेलं. खूश होऊन त्या बाहेर गेल्या.

युनओकला हायसं वाटायला हवं होतं. मेलं पोटात आणखीच पेटलं. इथेही हीच वरचढ!

“तुला कुठे सापडली?” ती दबक्या आवाजात खेकसली.

“जोंगनोच्या त्या सराफाकडे. मी माझं सोनं विकायला गेले, तर ही काट्यावर. तुम्ही नुकत्याच बाहेर पडलेल्या.”

“त्या दिवशी तर भाव...” युनओक अडखळली. “म्हणजे, वर घेतलंस म्हणालीस, ते सोनं...”

“हळू बोला ना.” सोदामने युनओकच्या पुढ्यातला करपलेला काप बाजूला काढला. “सराफ ती वितळवायला निघाला होता, जाऊबाई. मग काय रेषा बघत बसू?”