हिरव्या टेपची माणसं

बस गेटवर थांबली आणि गार्डचं तोंड बघण्यासारखं झालं. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर हिरवी टेप.

कतारमधल्या मेसईदच्या त्या कॅम्पात निवडणूक लागल्यापासून नियम सोपा होता. हेल्मेटवर हिरवी टेप म्हणजे देवव्रतचा माणूस, त्याला गेटवर सलाम. टेप नसेल तर बाजूला हो, पिशवी उलटी कर, डबा उघड. गार्ड कालवणात चमचा फिरवून बघायचे, तळाशी बॉम्ब असल्यासारखे. आज कोणाला अडवायचं तेच त्यांना कळेना.

शेवटी कासमचाचा उतरला. त्याच्या हेल्मेटला दोन टेपा.

"दोन कशाला?" गार्डने विचारलं.

"माझं जरा जास्त प्रेम आहे," कासमचाचा म्हणाला आणि पुढे गेला.

सगळ्यांना टेप त्यानेच वाटली होती. तीही देवव्रतच्याच स्टोअरमधून, वायरिंगला पाहिजे म्हणून देवव्रतचीच सही घेऊन. बसमध्ये माणसं पोट धरून हसली होती.

मेसमध्ये टेबलावर मतपेटी ठेवलेली होती. वर्ल्ड कपच्या आधी बाहेरची मंडळी कॅम्प तपासायला येणार, त्यांना दाखवायला म्हणून कंपनीने कामगारांतून गेटचा प्रतिनिधी निवडायचं काढलं होतं. गेट कधी कोणासाठी उघडायचं, यात त्याचा शब्द चालणार. एकीकडे स्टोअरकीपर देवव्रत, दुसरीकडे वेल्डर जहूर. जहूरचं म्हणणं एकच होतं. आजारी माणसाकडे पास मागायचा नाही. त्याचा रूममेट हमजा छातीत दुखतं म्हणून गेटवर गेला होता. गार्ड म्हणाले, पास येईपर्यंत बसून राहा. तो बाकावर बसला. बसल्याबसल्या गेला.

सिक्युरिटीचा मुख्य घोरपडे पुढे आला. पोलिसातून रिटायर होऊन आलेला, पोटावर पट्टा अजून तसाच.

"मी न्यूट्रल आहे," तो म्हणाला. "वर्दीला पक्ष नसतो. आता जरा इकडे बघा."

भिंतीवरच्या टीव्हीत गावाकडचे एक नेते हात जोडून उभे राहिले. पाठीमागे हार घातलेली खुर्ची. "दुबईतल्या माझ्या बांधवांनो," ते म्हणाले, "देवव्रत हा माझा घरचा माणूस आहे."

"अरे, उतरा," कासमचाचा म्हणाला. "चुकीच्या बसमध्ये बसलो आपण."

मेस हसली. देवव्रतही हसला, मग घोरपडेकडे बघून गप्प झाला. घोरपडेने व्हिडिओ थांबवला. नेते तोंड उघडं ठेवून तसेच राहिले.

"हेल्मेट घाला सगळ्यांनी," घोरपडे म्हणाला.

माणसांनी मांडीवरची हेल्मेटं डोक्यावर चढवली. घोरपडे खुर्चीवर चढला. मोबाइलमधून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांचा फोटो काढला, तिथल्या तिथे ऑफिसला पाठवला आणि खाली उतरला.

"आता मतदान कशाला?" तो म्हणाला. "सगळे एकाच बाजूचे. जहूरनेसुद्धा लावलीय बघा. देवव्रत बिनविरोध. खलास, जेवून घ्या."

एका गार्डने रिकामी मतपेटी काखेत मारली.

जहूरने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. सकाळी त्याला टेप लावून घ्यायची नव्हती. चाचाने गळ घातली होती, की अरे गंमत आहे, तूच नसशील तर मजा काय. त्याने वळून कासमचाचाकडे पाहिलं.

"चाचा, हसा ना."

कासमचाचा हसला नाही. एवढ्या वर्षांत तो हसला नाही असं कोणी पाहिलं नव्हतं. मग त्याने हेल्मेट काढलं. टेपेच्या टोकाला नख लावलं आणि ओढली. चर्र असा आवाज झाला. दुसरी ओढली.

तो पुढे गेला. टेबलावर घोरपडेचा मोबाइल पडला होता. कासमचाचाने दोन्ही टेपा त्याच्यावर आडव्या चिकटवल्या आणि अंगठ्याने नीट दाबल्या.

"काय चाललंय?" घोरपडे म्हणाला. "टेप काढणाऱ्याचं नाव मी लक्षात ठेवणार आहे. कामावर कसा राहतोस ते बघतो. कंपनीच्या फुकट तिकिटावर घरी जाशील."

"कासम," कासमचाचा म्हणाला. "राहणार दापोली. लिहून घेता का?"

मागून पुन्हा चर्र असा आवाज आला. मग आणखी. मग सगळ्या मेसमध्ये तेवढाच आवाज राहिला, नवं कापड फाडावं तसा. माणसं रांगेने यायला लागली, जेवणाच्या रांगेला येतात तशीच, फक्त ताट नव्हतं. टेबलाशी आलं की टेप लावायची आणि नाव सांगायचं.

"रहमान."

"मधू."

"खाली बसा," घोरपडे म्हणाला. कोणी बसलं नाही. गार्ड भिंतीला टेकून उभे होते. त्यांनाही हेल्मेटं होती, त्यांनाही टेपा होत्या. त्यातला एक नखाने आपल्या टेपेचं टोक चाचपत होता.

मोबाइल दिसेनासा झाला. टेबलही निम्मं हिरवं झालं.

शेवटी जहूर आला. त्याने टेप लावली. घोरपडेकडे बघत उभा राहिला.

"हमजा," तो म्हणाला.

तेवढ्यात टेपांच्या खाली मोबाइल वाजायला लागला. ऑफिसचा असणार, फोटो पोचला असणार. घोरपडे वाकून कडेने नखं घालत होता, उचकटत होता, पुन्हा घालत होता. टेप देवव्रतने चांगल्या कंपनीची मागवली होती. निघेना.